पेन्सिलींची खरखर

पोलीस भरतीची तिची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. हवालदार असलेल्या दादाने सकाळीच बजावलं होतं, "तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. खोटं बोललीस की सापडलीस."

मानसिक चाचणीच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या पेन्सिलींची खरखर चालली होती. 'तुम्हाला कधी भीती वाटते का?' तिने दुसऱ्यांदा 'नाही' लिहिलं.

तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला आणि तिचा हात थबकला. हॉलमधली खरखरही थांबली.

तिने उगीच कोपऱ्यात एक छोटी रेघ ओढली. हॉलभर सगळ्या पेन्सिलींची तेवढीच एक रेघ वाजली.

तिला मान वर करायचा धीर होईना.

"लिहा, ताई," पर्यवेक्षक तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले. "सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."