अर्ध्या तासाचा थांबा

"त्या रबरी होड्या चालतात ना, तिथं तुमची गाडी किती वेळ थांबते?" प्रतिभाने विचारलं.

टूरच्या ऑफिसातला माणूस जरा गोंधळला. कॉलेज रोडवरच्या त्या ऑफिसात येणाऱ्या बायका जेवणाचं विचारत, थंडीचं विचारत, खोलीत गरम पाणी येतं का ते विचारत. होड्यांचं आधी कुणी विचारलं नव्हतं.

"अर्धा तास," तो म्हणाला.

"अर्ध्या तासात काय होतं?"

फोटो काढायला तेवढं पुरतं, असं सांगून त्याने रंगीत माहितीपत्रक तिच्यापुढे सरकवलं. बर्फाचे डोंगर, देवदारांची झाडी, खाली फेसाळत जाणारी बियास नदी. प्रतिभाने डोंगरांकडे पाहिलंच नाही. ती पत्रकावर वाकली आणि होडीत बसलेली नखाएवढी माणसं एकेक करून निरखू लागली. शेजारी बसलेल्या सृष्टीने आईच्या दंडाला हळूच हात लावला. पलीकडच्या खुर्चीत खंडेराव टोपी मांडीवर ठेवून पंख्याकडे बघत बसला होता.

मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा. फुलं रोज पहाटे तोडायची, रोज बाजारात न्यायची. त्यापायी लग्न झाल्यापासून प्रतिभा देवळ्याला माहेरीसुद्धा कधी सलग चार दिवस राहिली नव्हती. आणि त्याच बाईने होळीपासून एकच धोशा लावला होता, या सुट्टीत सगळे मिळून मनालीला फिरायला जाऊ. सृष्टी गोव्याला जाऊ म्हणाली, तर प्रतिभा दोन दिवस जेवली नाही. शेवटी मळा भावावर सोपवून खंडेराव आज मुकाट्याने तिच्याबरोबर आला.

तिच्या मनात काय आहे ते तिने फक्त सृष्टीला सांगितलं होतं. शेजारच्या लताबाई दिवाळीच्या सुट्टीत मनालीला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या एका फोटोत त्या नदीकाठी हसत उभ्या होत्या आणि मागे एक पोरगा होडी ओढत होता, तोंड अर्धं वळलेलं. प्रतिभाने तो फोटो बघायला म्हणून मागून घेतला आणि परत दिलाच नाही, तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला. सृष्टीला त्या पोरात आपला भाऊ दिसत नव्हता. दादाचे खांदे असे नाहीत, असं तिने आईला सांगूनही पाहिलं. ओझी ओढली की खांदे बदलतात, असं आई म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी जीवन घरातून गेला त्या दिवशी खंडेरावने फुलबाजारात, चारचौघांसमोर, त्याच्या कानाखाली मारली होती. पोराने भाव पाडून फुलं दिली, एवढंच निमित्त. तेव्हापासून पोराचा पत्ता नव्हता, आणि घरात त्याचा विषय निघाला की खंडेराव ताटावरून उठायचा.

"तिथंच मुक्काम करणारी एखादी टूर नाही का?" प्रतिभाने विचारलं.

तशी टूर नव्हती. शिवाय होड्या काही एकाच जागी नसतात, त्या माणसाने समजावलं. कुलूच्या खालपासून वरपर्यंत नदीकाठाने ठिकठिकाणी त्यांचे तळ असतात.

"मग सगळीकडे थांबवा."

तो हसला, पण ती हसत नाही हे बघून गप्प झाला. गाडीत आणखी चाळीस माणसं असतात, एकासाठी थांबता येत नाही, असं त्याने सांगितलं. तर तिचं म्हणणं, आम्हाला नदीवर सोडून गाडी पुढं न्या, परतताना उचला. ते जमणार नाही, जबाबदारी आमच्यावर येते, असं तो म्हणाला आणि पत्रक मिटायला लागला. प्रतिभाने त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, डोंगर नका दाखवू. बर्फ नका दाखवू. मला नदीच बघायचीय."

तिचा आवाज चढला होता. ऑफिसातली सगळी माणसं वळून बघू लागली. सृष्टीने मान खाली घातली.

खंडेरावने पंख्यावरची नजर खाली आणली. "त्या फोटोतला तो नसला तर?" त्याने हळूच विचारलं.

प्रतिभाची पकड सुटली. तिने सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने नकारार्थी मान हलवली, आपण काही सांगितलं नाही म्हणून.

"तांदळाच्या डब्यातला फोटो मीबी बघितलाय," खंडेराव म्हणाला. "लय वेळा बघितला. बाप असून मला सांगता येत नाय."

प्रतिभाने पत्रक परत आपल्याकडे ओढलं. मग प्रतिभा म्हणाली, "नसला तर नसला. पुढच्या ठिकाणी बघू."

खंडेराव त्या माणसाकडे वळला. टूर राहू द्या, नाशिकरोडहून दिल्लीची आणि परतीची रेल्वेची तिकिटं तेवढी काढून द्या, पुढचं आमचं आम्ही बघू, असं म्हणाला. त्या माणसाला सुटल्यासारखं झालं. त्याने लगेच फॉर्म काढला आणि जाणाऱ्या तिघांची नावं नि वयं विचारून लिहून घेतली.

"येताना हेच तिघं ना?"

"येताना चौघं," खंडेराव म्हणाला.

"चौथ्याचं नाव?"

"जीवन खंडेराव विधाते."

"वय?"

"एकोणीस."

त्या माणसाने लिहिलं.

"बावीस," प्रतिभा म्हणाली.

त्याने एकोणीस खोडलं आणि पेन तसंच धरून आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. खंडेराव टोपीच्या काठावरून बोट फिरवत होता. काही वेळाने त्याने मान हलवली.

"ती म्हणती तेच लिहा."