एकोणचाळीस अंश

"काकू, प्रोसेसरला एकोणचाळीस म्हणजे काहीच नाही," मी समजावलं. "रिकामा बसला तरी चाळीस, कामाला जुंपला की सत्तर. याला ताप म्हणत नाहीत."

काका गेल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर काकूच वापरायच्या. आज तो घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या होत्या.

"घरी कायम सदतीस दाखवायचा. मुलाकडे राहायला जायचं म्हणून सामान बांधायला घेतलं, तेव्हापासून हे असं."

मी पंखा पुसला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली आणि तासभर त्याला चांगला राबवला. आकडा सत्तरवर जायला हवा होता. तो एकोणचाळीसवरून हलला नाही. काम थांबवलं, तरी एकोणचाळीसच.

"सेन्सर बिघडलाय. पुन्हा उघडून बघतो," म्हणत मी कॉम्प्युटरच्या पेटीची वायर काढायला टेबलाखाली वाकलो.

काकूंनी पेटीवर तळहात ठेवला, कपाळावर ठेवतात तसा.

"घर सोडायचं म्हटलं की ह्यांचं अंग असंच तापायचं," त्या म्हणाल्या. मग पेटीकडे वाकून हळूच, "नाही हो जात मी कुठे."

मी उठून पाहिलं. स्क्रीनवर अडतीस. मग सदतीस.

पेटीची काढलेली वायर माझ्या हातात होती.