अकरावी पायरी

"मूळ डिस्क सापडत नाही," सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं. खिडकीबाहेर हॉल तिकिटासाठी पोरांची रांग, आणि प्राचार्य माझ्या खुर्चीला टेकून उभे.

चूक माझीच. काल हौसेने या लिनक्स सर्व्हरच्या तिन्ही डिस्क जोडून एक लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एकच मोठा साठा केला. पण मशीन चालू होताना जी छोटी फाइल सगळ्यांत आधी जागी होते, तिच्यात तो व्हॉल्यूम उघडायचं साधन घालायलाच विसरलो. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली.

"यासाठी तुम्ही सूचना लिहिल्या होत्या ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर. डिस्कच्या नावांसकट अकरा पायऱ्या."

"मग कुठे आहेत?"

मी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

हेडक्लार्क कुलथेबाईंनी टेबलावरचा जेवणाचा डबा शांतपणे उचलला. खाली माझ्याच सूचना होत्या, लोणच्याच्या तेलाने माखलेल्या. सर्व्हरवर आलेलं सगळंच बाई छापून ठेवतात. कागद नासवता म्हणून मागच्याच आठवड्यात मी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

मी हात पुढे केला.

"देणार नाही. नासवाल तुम्ही," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवते."

त्या वाचत गेल्या, मी पेनड्राइव्हवरून मशीन उठवून टाइप करत गेलो. दहाव्या पायरीला सर्व्हर सुरू झाला आणि रांग हलली.

अकरावी बाईंनी प्राचार्यांकडे बघत, सावकाश वाचली. "या सूचनांची छापील प्रत जवळ ठेवावी."

मग कागद पुन्हा डब्याखाली सारला.