गाची की एन्जॉय?

जपानहून परतलेल्या शर्वाणीताईंनी बॅडमिंटन क्लबच्या फळ्यावर दोन रकाने आखले होते. तिथल्या पोरांच्या बोलीत जीव तोडून खेळणारे ‘गाची’, गंमत म्हणून येणारे ‘एन्जॉय’. स्पर्धेला गाचीच जाणार.

बाळंतपणानंतर प्रथमच आलेल्या ऋजुताचं नाव एन्जॉयखाली होतं.

“अगं, बाळ केवढंसं आहे! मजेत खेळ की,” ताई म्हणाल्या.

“मजेत? घरी भिंतीवर शटल मारून मारून सासूबाईंचं डोकं उठवलंय मी!”

ताई हसल्या. “बरं बाई, तुझं तूच लिही.”

नाव पुसून ऋजुताने खडू उचलला, तोच बाबागाडीतून रडणं ऐकू आलं. ती धावली.

दूध पिऊन बाळ निजलं, तोवर स्पर्धेच्या जोड्या लागल्या होत्या. तिचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. बाळाच्या गालावर मात्र खडूची पांढरी बोटं उमटली होती.