भेटायला आलेली माणसं

"हात धुवून घ्या," सुकेशनी सिस्टर पुन्हा म्हणाली.

माणिकमामांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "काहून? हात मयतीहून आल्यावर धुतात. जित्या माणसाले भेटाले कोणी हात धुते काय?"

मागची मंडळी हसली. मानोऱ्याहून जीप भरून आली होती. वाशीमच्या त्या दवाखान्याच्या आयसीयूबाहेर सगळ्यांनी चपला मात्र काढल्या होत्या, देवळात काढतात तशा. दवाखान्यात कोण आलं नाही, हे गाव पुढच्या लग्नापर्यंत विसरत नाही.

आत मामांचा भाचा जगदेव होता. ट्रॅक्टर उलटून बरगड्या मोडलेल्या, नळीने श्वास चाललेला. दाराशी बाकावर त्याची बायको, तुळसाबाई.

काल कारंज्याचे पाहुणे येऊन गेले होते. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच सोयऱ्यातला एक म्हातारा निघाला. आलोच आहोत तर यालाही भेटून घेऊ, म्हणून त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तोच हात जगदेवच्या तोंडावरून. नंतर डॉक्टरांनी तुळसाबाईला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याच्या अंगात असा जंतू होता की कोणतंच औषध त्याला जुमानत नव्हतं. तो हातांवरून पसरतो. "जगदेवला लागला, तर मग माझ्याही हातात काही नाही," डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्याला वेगळ्या खोलीत हलवलं आणि जगदेवचा नमुना तपासायला गेला.

"सूनबाई, दार उघडाले सांग," मामा गरजले. त्यांच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी होती. "हे डॉक्टर काहीतरी लपवून राह्यले. आमी का परके हाओ?"

तुळसाबाई उठली. पदर सावरला.

"जा ना मामाजी. त्यायच्या अंगात तो जंतू शिरला हाये. औषध चालत नाही त्याच्यावर. हाताले चिपकते अन् घरच्या लेकराबाळापर्यंत जाते म्हणतात. पण तुमी का परके हा? जवळ बसा, हात धरा त्यायचा."

मग एकाला एकदम सोयाबीनची मळणी आठवली. एकाचा न वाजलेला फोन कानाला लागला. मामांनी पुडी तुळसाबाईच्या हातावर लांबूनच टाकली. "तूच लाव, सूनबाई. तुया हातानं लागलेला बरा."

बेसिनवर रांग लागली. मामा कोपरापर्यंत साबण चोळत होते. मागचे म्हणत होते, "आटपा ना मामा, आमालेबी धुवाचे हायेत!" थोड्याच वेळात जीप मानोऱ्याच्या रस्त्याला लागली.

सुकेशनी धावत आली. "मावशी, असं काय सांगितलं तुम्ही? रिपोर्ट चांगला आला, हे सकाळीच तर डॉक्टरांनी सांगितलं तुम्हाला. काकांना काहीच लागलेलं नाही!"

"म्हणूनच तर सांगतलं, पोरी," तुळसाबाई म्हणाली. "लागलाच असता, तर जाऊ दिलं असतं साऱ्यायले आत."