दोन खाचांच्या मधली जागा

"जीभ परत आली की या, मास्तर. त्याआधी नको."

ग्राइंडरचा स्क्रू सोडवताना मालकांचं ते बोलणं त्याला पुन्हा आठवलं. कॉफीच्या कारखान्यात बिया चाखून पास करायचं काम त्याचं. सगळे त्याला मास्तर म्हणत. मग घरात तो आणि बायको दोघंही तापाने आडवी झाली. त्याचा ताप गेला तो चव आणि वास घेऊनच गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही. बुरशीची पोती पास केली, ती सगळी परत आली, आणि पाठोपाठ तो घरी बसला.

मालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी नव्या बियांची पिशवी पाठवली होती. रविवारी येतो, घरच्या मशीनवर चव जुळवून कॉफी पाजा. जुळलं तर काम तुमचं, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

जीभ परत आलेली नाही हे फक्त बायकोला ठाऊक होतं. घरी बसायची वेळ आली त्या दिवशी तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडला होता.

"काहीच लागत नाही गं मला. भात खाल्ला काय, कागद चावला काय."

तिने त्याला पाण्याचा पेला दिला. मग म्हणाली, "चाखीन मी. बोला तुम्ही. कुणाला कळायचं नाही."

"आणि कारखान्यात?"

"तिथेही येईन. शब्द देते."

ग्राइंडर जुना होता. दळण जाड-बारीक करायच्या कड्याला खाचा होत्या. कडं टक् करून एका खाचेतून दुसरीत जायचं. एका खाचेवर कॉफी धो धो पडायची, पुढच्या खाचेवर थेंब थेंब रडायची. हवी ती जागा मधेच कुठेतरी होती. म्हणून त्याने खाचेत बसणारी गोळी आणि तिची स्प्रिंगच काढून टाकली. आता कडं कुठेही थांबू शकत होतं.

मग त्याने दळणाऱ्या दातेरी चकत्या काढल्या. एकीच्या कडेला मार्करची शाई लावली, दोन्ही टेकवून हाताने फिरवल्या, उघडून पाहिलं. शाई एकाच बाजूला पुसली होती. चकती तिरकी बसत होती. जिथे शाई शिल्लक होती, तिथे खाली त्याने चंदेरी कागदाचा कपटा सरकवला.

"माझ्या दाढेकडे कधी एवढं बघितलं नाहीत," ती म्हणाली.

"तुझी दाढ कॉफी दळत नाही."

"डोकं दळते ना तुमचं. मग?"

तो हसला. लगेच पिशवीत नाक खुपसून त्याने खोल श्वास घेतला आणि पिशवी बाजूला ठेवली. "घराला आग लागली तरी कळायचं नाही मला."

"काहीतरीच बोलू नका. दळा."

पहिला कप तिच्या हातात आला. तिने धारेकडे बघितलं होतं.

"भरभर पडली ना?"

"हो."

तिने घोट घेतला, जीभ टाळूला लावली, त्याच्या तोंडाकडे बघितलं. "आंबट."

त्याने कडं केसभर फिरवलं. पुढची धार अडखळत आली.

"कडू. घशात राहते."

"अगदी माझ्यासारखं बोलायला लागलीस."

"इतकी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलं? भरभर पडली की आंबट, रखडली की कडू."

बियांची पिशवी तळाला गेली. तो कडं फिरवत होता, ती घोट घेत होती. दोघांनाही झोप लागेनाशी झाली. कधी तो चिडायचा, "नीट सांग, आंबट म्हणजे लिंबासारखं की ताकासारखं?" ती जरा थांबायची. "लिंबासारखं," म्हणायची. तो मान डोलवायचा आणि पुन्हा कड्याला हात घालायचा. तिच्या जिभेशिवाय त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

शनिवारी उंदराच्या शेपटीसारखी बारीक, तपकिरी धार न तुटता उतरली.

"हीच," ती म्हणाली. "आता हात लावू नका."

रविवारी मालक आले. तिने बटाट्याचे काप तळून पुढे ठेवले. मालकांनी एक खाल्ला, दुसरा उचललेला परत ठेवला.

"जेवूनच निघालोय, वहिनी."

उरलेले नवरा-बायकोने संपवले.

मालकांनी कॉफीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. तो त्यांच्या गळ्याकडे बघत राहिला.

"मास्तर," मालक म्हणाले, "जीभ आली म्हणायची."

"आली," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मग उद्याच या. गोदाम भरलंय. आणि उघडच सांगतो, यातलं एक जरी पोतं परत आलं, तर कुलूप लावावं लागेल. माणसं आहेत माझ्याकडे, त्यांची पोरंबाळं आहेत. तुमच्यावर सोडतोय सगळं."

"कप मांडायला मी आले तर चालेल?" तिने विचारलं.

"या की. मास्तरांची कटकट घरच्या माणसालाच झेपेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी बूट घालत होता. किती दिवसांनी गुणगुणत होता.

"चल गं. पहिल्याच दिवशी उशीर नको."

"आलेच."

ती स्वयंपाकघरात फळीसमोर उभी होती. मिठाचा आणि पिठीसाखरेचा असे दोन सारखे डबे तिने डोळे मिटून दोनचारदा इकडचे तिकडे केले. एकातून चिमूट काढून जिभेवर ठेवली. वाट बघितली. पुन्हा घेतली, या वेळी मोठी. पुन्हा वाट बघितली. मग डोळे उघडून डब्यावरची चिठ्ठी वाचली.

मीठ होतं.

तिने झाकण लावलं, चपला घातल्या आणि ती त्याच्यामागे निघाली.