काशाची वाटी

“चोळ आता. बघू दे सगळ्यांना, कल्याणला जाऊन काय दिवे लावलेस ते!”

ताराबाई उजवा खांदा उघडा टाकून टेबलावर पालथी झाली. मुरबाडच्या बाजारातलं दामिनीचं दुकान. दारावर पाटी, ‘मसाज थेरपी, फक्त महिलांसाठी’. आत पांढरी चादर, भिंतीवर काचेत बसवलेलं सर्टिफिकेट, आणि बाकावर नंबर लावून बसलेल्या बाया. त्यांत तिच्याच गावची, धसईची लहानी दिसली आणि ताराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हीच लहानी परवापर्यंत कंबर धरली की तिच्या ओटीवर येऊन म्हणायची, ‘तुजाच हात गुनाचा गो ताराबाय.’ आता भाडं खर्चून मुरबाडला येते!

जळत होती ताराबाई, खोटं कशाला बोला. आख्ख्या धसईत अंग चोळावं तर तिनं. आणि कावीळ उतरवण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काशाच्या वाटीत तेल घ्यायचं, वाटी माणसाच्या डोक्यावर टेकवायची आणि दूर्वांच्या जुडीनं तेल घुसळत राहायचं. तेल पिवळं पडलं की कावीळ उतरली. वाटी धरायला दुसरं माणूस लागतं. शाळेत असल्यापासून ते काम दामिनीचं.

दामिनी ही तिच्या मैत्रिणीची, राहीची मुलगी. राही काविळीतच गेली. ताराबाईनं जिवाचं रान केलं होतं. तेल हळदीसारखं पिवळं निघालं होतं, पण आयुष्यच सरलं त्याला कोण काय करणार? पोरीला तिनं आपल्या घरी आणलं. भाकर दिली, हातातली कला दिली. आणि पोरगी काय करते? एका सकाळी पिशवी उचलून कल्याणला कोर्स करायला जाते, नि येते ती थेट मुरबाडला दुकान थाटून! मुरबाडहून धसई काय विलायतेत आहे? पण सणावारालासुद्धा तिचा पाय फिरकला नाही. माज चढला, दुसरं काय. ताराबाई पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला हेच सांगायची.

आज खांद्याचं निमित्त झालं. खांदा दुखत होताच, भजी-वडे खाल्ले की जरा जास्तच. पण खरं म्हणजे तिला भर दुकानात दामिनीची फजिती करायची होती. ‘तिथं नाय गो, वर! शिकवलेला विसरलीस?’ हे वाक्य तिनं जीपमध्येच घोकून ठेवलं होतं.

दामिनीनं हातावर तेल घेतलं. तिचा अंगठा खांद्यामागच्या फऱ्यावर टेकला आणि अगदी नेमक्या जागी टेकला. ताराबाईचं घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं. हात तिनंच घडवलेला होता, वर आणखी मऊ झाला होता. त्याचाही तिला राग आला.

मग तो हात थांबला.

“मावशी, दुखणं कधी वाढतं?”

“तेलकट खाल्ला का वाढतं. तुला काय करायचाय? चोळ तू.”

“अंगाला खाज येते? मळमळतं?”

“चोळतेस, का डाक्टरीण झालीस?”

दामिनी समोर आली, वाकली, ताराबाईची पापणी खाली ओढून डोळा पाहिला. मग टॉवेल घेऊन तिनं खांद्यावरचं तेल पुसून टाकलं.

“मी नाय चोळणार.”

“बघा गो बायांनो!” ताराबाई ताडकन उठून बसली. “मीच शिकवला नि मलाच हात लावायला हिला लाज वाटते! अगो, तुझ्या आईसाठी मी रातदिस एक केला. मरेपर्यंत चोळत होते तिला!”

लहानी पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. दामिनीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

“हे दुखणं खांद्याचं नाय, मावशी. पित्ताच्या पिशवीचं वाटतंय. तिथं खडा असला तरी दुखतो खांदा. तुमचे डोळे पिवळे झालेत. असल्या दुखण्याला चोळायचं नसतं, आधी दवाखाना. रिक्षा बोलावते, मी येते बरोबर.”

“कावीळ तू मला शिकवतेस? काशाची वाटी आण! माझी मी उतरवून दाखवते. पिवळा तेल बघ नि मग बोल!”

“तेल पिवळं होतंच, मावशी.”

“म्हणजे?”

“घुसळलं का होतंच. कोर्स करत होते तेव्हा मी माझ्याच डोक्यावर वाटी धरून बघितली. मला काय झालेलं नव्हतं. तरी हळदीसारखं पिवळं झालं.”

ताराबाईनं उघड्या खांद्यावर पदर ओढला. ब्लाउजची बटणं तशीच राहिली. राहीचं तेल पिवळं निघालं म्हणून त्या वेळी तिला न्यायला दारात आलेली बैलगाडी तिनंच माघारी पाठवली होती. ‘उतरली कावीळ, कशाला दवाखान्यात नेता?’ असं तीच म्हणाली होती.

“राहीला काय दुखायचा गो?” तिनं विचारलं. तिला आठवत होतं, तरी विचारलं.

“हाच खांदा.”

“मग मला येऊन तोंडावर बोलायचा होतास! शिव्या द्यायच्यास! गाव टाकून का बसलीस?”

दामिनीनं खाली बसून तिची बटणं एकेक करून लावली.

“तुम्हाला काय बोलू, मावशी? आईच्या डोक्यावर वाटी मीच धरली होती.”